शांत व्हा, नाहीतर मेमो!

ऐकावं ते नवलच! माणसानं शांत व्हावं म्हणून आता सरकारी कागद निघतात. खोटं वाटतंय? १ सप्टेंबर २०२१ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात आयुष मंत्रालयानं ‘वाय-ब्रेक’ नावाचं अ‍ॅप वाजतगाजत काढलं. टेबलाला चिकटलेल्या माणसानं पाच मिनिटं उठायचं, हात वर ताणायचे, खांदे गरागरा फिरवायचे, कमरेत वळायचं, श्वास सोडायचा आणि पुन्हा फायलीत तोंड खुपसायचं. लगोलग कार्मिक विभागानं सगळ्या मंत्रालयांना पत्र धाडलं, की आपापल्या लोकांना हे वापरायला सांगा. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं असावं, की दिल्लीचा बाबू एकदा खुर्चीवरून उठला की परत कधी उगवेल याचा नेम नाही. म्हणून जून २०२३ मध्ये नवा कागद आला: ‘वाय-ब्रेक अ‍ॅट ऑफिस चेअर’. आता उठायचंच नाही. बसल्या जागी योग!

खुर्ची न सोडता मुक्ती! दिल्लीच्या गळी उतरेल असं याहून दुसरं काही पतंजलीला तरी सुचलं असतं का?

आणि हे मूळ वाय-ब्रेक कुणी येताजाता सुचवलेलं नाही बरं. अशोक रोडवरच्या मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्थेनं बसवलेला कार्यक्रम आहे. जानेवारी २०२० मध्ये सहा महानगरांत ७१७ जणांवर पंधरा दिवस त्याची चाचणी झाली. ताडासन, कटिचक्रासन, नाडीशोधन, शेवटी भ्रामरी आणि ध्यान. सगळं पाच मिनिटांत. भ्रामरी म्हणजे डोळे मिटून भुंग्याच्या सुरात गुणगुणायचं. एका मंत्रालयातली गोष्ट दिल्लीत चवीनं सांगतात (नाव कशाला घ्या, भुंगे चावतात). दुपारी तीनच्या सुमाराला अख्खा सेक्शन डोळे मिटून घुमत होता. चहा घेऊन आलेला पोऱ्या दारातच थबकला. त्यानं कान टवकारले, एसीकडे पाहिलं, ट्रे तिथेच ठेवला आणि सरळ इलेक्ट्रिशियनला घेऊन आला. इलेक्ट्रिशियननं स्टूल लावलं, झाकण उघडलं, आत एक फुंकर मारली. तेवढ्यात पाच मिनिटं संपली आणि आवाज बंद झाला. ‘ठीक हो गया, साब,’ म्हणून त्यानं रजिस्टरवर सही घेतली. घ्या! तक्रार नोंदली, तक्रार निवारली, वर मनःशांतीही मिळाली. सरकार चालत नाही असं कोण म्हणतं?

शांतीचं सर्टिफिकेटही मिळतं हो. सरकारी नोकरांना शिकवणाऱ्या मिशन कर्मयोगीच्या ‘आय-गॉट’ पोर्टलवर इतर हजार विषयांबरोबर योगाच्या सुट्टीचा आणि ताण कसा हाताळावा याचा धडाही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्मयोगी सप्ताह झाला, तेव्हा प्रत्येकानं निदान चार तास शिकावं असं ठरलं होतं. मग शेवटच्या दिवशी काय व्हायचं ते झालंच. चार तास पुरे करायचे म्हणून ताणमुक्तीचे व्हिडिओ घाईघाईनं उरकताना लोकांचे रक्तदाब कुठे गेले असतील, कल्पना करा! खालच्या पट्टीकडे बघत ‘अजून अकरा मिनिटं, अजून नऊ मिनिटं’ करत माणसं घाम पुसताहेत, आणि पडद्यावरची बाई सांगतेय, कसलीच घाई नाही. सर्टिफिकेट मात्र झोकात. काहींनी तर स्टेटसला ठेवलं.

इथे जरा आडवाटेला जातो, कारण राहवत नाही. १९८५ मध्ये केंद्र सरकारात पाच दिवसांचा आठवडा आला आणि त्यानंतर कित्येक हिवाळे दिल्लीच्या सचिवालयांसमोरच्या हिरवळीवर एक देखणं दृश्य दिसायचं. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, पण ऊन काही घड्याळ बघून पडत नाही. गवतावर रुमाल पसरून रमीचे डाव, भुईमुगाच्या शेंगांचा ढीग, मफलर विणणाऱ्या बायका, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आडवे झालेले हेडक्लार्क. पेपरवाले त्यांचे फोटो छापायचे आणि आपण घरबसल्या ‘जनतेचा पैसा!’ म्हणून दात-ओठ खायचो. २०१४ मध्ये अंगठ्याची हजेरी आली आणि त्या डावांवर पाणी पडलं. आता तेच ऊन, तीच हिरवळ, तेच दोन टाके घालणं, फक्त पाटी बदलून आणि तिकीट लावून शनिवारी सुंदर नर्सरी या बागेत मनःशांती म्हणून विकतात, आणि आपण रांगेत उभे! त्या रमीवाल्या हेडक्लार्कांना पद्म नाही, निदान एखादं ताम्रपत्र तरी द्यायला नको होतं का?

तरी बाबू परवडले. खरा तमाशा बघायचा तर यलो लाइननं सिकंदरपूरला उतरावं, तिथून रॅपिड मेट्रो धरावी आणि गुरुग्रामच्या सायबर सिटीत शिरावं. तिथे शांत होणं हा दुसरा जॉब आहे. पहिला पोटासाठी, दुसरा पहिल्यासाठी.

आमच्या ओळखीतला एक सातारकर पोरगा तिथे नोकरीला आहे. त्याच्या टेबलाचं दर्शन घडलं आणि डोळ्यांचं पारणं फिटलं. लॅपटॉप एका कोपऱ्यात बिचारा अंग चोरून उभा. बाकी सगळी जागा एकाग्रतेनं व्यापलेली. निळा प्रकाश अडवणारा चष्मा. कळ दाबली की टेबलच उभं राहील अशी व्यवस्था. पाठ वाकली की गुरगुरणारा पट्टा. अश्वगंधाच्या गोळ्या, त्याही जेलीच्या, अस्वलाच्या आकाराच्या. हाताला चाळा म्हणून एक भिरभिरं. पाण्याची दोन लिटरची बाटली, तिच्यावर कुठल्या वेळी कुठवर प्यायचं त्याच्या खुणा आणि ‘शाब्बास, अजून थोडं!’ अशी शाबासकी. आणि कानावर बाहेरचा आवाज गिळणारे हेडफोन. त्यात काय लावलंय म्हणून विचारलं, तर पाऊस! अहो, हेच ते गुरुग्राम, जिथे जुलै २०१६ मध्ये पाऊस पडला तर लोक रात्रभर गाड्यांत अडकले आणि शहराच्या नव्या नावाचं ‘गुरुजाम’ झालं. खरा पाऊस आला की शिव्यांची लाखोली, आणि तोच पाऊस कानात सोडायला महिन्याची वर्गणी!

त्या टेबलावर प्लॅस्टिकचा एक लालबुंद टोमॅटोही होता. तो कशाला, हे आपल्यापैकी निम्म्यांना ठाऊक आहे, उगाच मान वळवू नका. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना, म्हणून त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ आणून समोर ठेवलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. झालं! त्या एका टोमॅटोवर आज अख्खं एनसीआर, म्हणजे दिल्ली आणि आजूबाजूची शहरं, चालतं. आमच्या सातारकराला पंचवीस मिनिटं चालू असताना आईचा फोन आला.

‘आई, अठरा मिनिटांनी कर.’

‘का रे, परीक्षा आहे का तुझी?’

‘नाही गं, टोमॅटो लावलाय.’

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग माउलीनं विचारलं, ‘गॅलरीत का?’

हे सगळं कशासाठी, तर लक्ष टिकावं म्हणून. कॅलिफोर्नियातल्या ग्लोरिया मार्क या संशोधक बाई वर्षानुवर्षं ऑफिसातल्या माणसांच्या पडद्यावर नजर ठेवून आहेत. २००४ च्या सुमाराला माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा; हल्ली ४७ सेकंद. हा ४७ चा आकडा गुरुग्राममध्ये सध्या इतका फिरतोय, की काय सांगावं. मीटिंगची सुरुवात त्यानं, शेवट त्यानं. परवा एकानं त्याच आकड्यावर चाळीस स्लाइडी दाखवल्या. चाळीस! सेहेचाळिसाव्या सेकंदाला खोलीतली प्रत्येक मान टेबलाखालच्या फोनवर झुकली होती, हे तो आकडा सांगणाऱ्याला दिसलं नसेल का?

आणि श्वास. श्वासाचं तर विचारूच नका. दिल्लीत, नोव्हेंबरात, श्वासावर लक्ष केंद्रित करायला सांगणारा माणूस एक तर संत असला पाहिजे, नाहीतर एअर प्युरिफायरचा एजंट. शेतांत पराली (भाताचे खुंट) जळतेय, हवेच्या निर्देशांकानं चारशे ओलांडलेत, शाळा बंद, आणि हेडफोनमधला मधाळ आवाज म्हणतोय: दीर्घ श्वास घ्या, तो आत कुठवर जातो ते अनुभवा. अनुभवतोच की! कुठवर जातो ते डॉक्टर एक्स-रेवर दाखवतात. तरी आपण घेतो. प्युरिफायरच्या तोंडाशी खुर्ची ओढून घेतो. प्युरिफायरशेजारची जागा मिळावी म्हणून काही ऑफिसांत ज्येष्ठता यादी निघाली नसेल, तर नवल.

प्युरिफायर नाही मिळाला त्यानं झाड आणलं. या झाडांच्या वेडाचं मूळ पुन्हा दिल्लीतच, नेहरू प्लेसला. तिथल्या पहाडपूर बिझनेस सेंटरचे कमल मीतल यांना दिल्लीच्या हवेनं बेजार केलं, फुप्फुसांची ताकद सत्तर टक्क्यांवर आली. त्यांनी अरेका पाम, स्नेक प्लांट आणि मनी प्लांट अशी तीन झाडं निवडून इमारतीत तीनशे माणसांमागे बाराशे कुंड्या लावल्या. २००९ मध्ये टेडच्या व्यासपीठावर ते यावर चार मिनिटं बोलले आणि जगभर डंका झाला. आता कुणीही मान्य करील, की त्या माणसानं काम जिद्दीनं केलं. माणशी चार झाडं, तीही खांद्याएवढी, पानं रोज पुसायची, शिवाय बाहेरची हवा धुऊन आत घ्यायची यंत्रणा वेगळी. आपण त्यातलं काय उचललं? चहाच्या पेल्याएवढ्या कुंडीत मनी प्लांटची दोन पानं! १९८९ मध्ये नासानं बंद पेटीत झाडं ठेवून हवा शुद्ध होते का ते पाहिलं होतं, त्याचा दाखला प्रत्येक नर्सरीवाला तोंडपाठ देतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचा हिशेब मांडला आणि सांगितलं, की खिडकी उघडण्याइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. हा दाखला मात्र कुठल्याच नर्सरीत मिळत नाही. तरीही त्या दोन पानांना नाव ठेवलं जातं, त्यांच्याशी बोललं जातं, आणि सुट्टीवर जाताना शेजारच्या टेबलाला लेखी सूचना दिल्या जातात. एवढ्या काळजीनं हाताखालच्या माणसाकडे चार्ज दिलेला कुणी पाहिलाय?

आता वळूया बाटलेल्यांकडे. या पंथात सगळ्यात कडवे कोण, तर सोहन्याला जाऊन आलेले. गुरुग्रामच्या पुढे अरवलीच्या पायथ्याशी सोहना, तिथे ‘धम्म सोत’ हे विपश्यना केंद्र. म्हणजे आपल्या इगतपुरीचंच भावंड. १९७६ पासून गोएंका गुरुजींचं धम्मगिरी इगतपुरीला आहे, हे नाशिककरांना सांगायला नको. दहा दिवस मौन, फोन जमा, पहाटे चारला घंटा, फी नाही. गोष्ट भक्कम आहे, त्यात थट्टा नाही. एप्रिल १९९४ मध्ये किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना तिहारमध्ये हजारावर कैदी एका वेळी या शिबिराला बसले होते. पण कैदी आणि कन्सल्टंट यांत फरक आहे हो. कैदी दहा दिवस गप्प बसला आणि पुन्हा बराकीत गेला. कन्सल्टंट दहा दिवस गप्प बसतो आणि पुढचे दहा महिने त्यावर बोलतो! लिफ्टमध्ये बोलतो, कॅन्टीनमध्ये बोलतो, पगारवाढीच्या मुलाखतीत बोलतो. ‘यार, मौन में जो मज़ा है ना...’ असं त्यानं सुरू केलं की आसपासच्या पाच जणांना मौनाची ओढ लागते.

ज्यांना दहा दिवस सुटी मिळत नाही ते रविवारी पहाटे गुरुग्रामच्या अरवली बायोडायव्हर्सिटी पार्कात ‘वनस्नान’ करतात. हे खूळ जपानी. तिथल्या वनखात्यानं १९८२ मध्ये काढलं. एका काळी या पार्काच्या जागी खाणी होत्या, नागरिकांनी खपून पुन्हा रान उभं केलं, २०२२ मध्ये त्याला देशात पहिल्यानं एका खास संवर्धन-क्षेत्राचा दर्जा मिळाला. अशा कष्टानं वाढवलेल्या त्या धावड्याच्या झाडाला मिठी मारून एक व्हाइस प्रेसिडेंट डोळे मिटून उभे, आणि त्यांची मिठी सुटायची वाट बघत मागे तीन मॅनेजर रांगेत. झाडं तिथे हजारोंनी आहेत. पण साहेबांनी ज्याला मिठी मारली त्यालाच मारायची असते, नाही का?

आपले मराठी लोक मागे असतील असं वाटलं होतं? छे! गणपतीत मंडपात पूर्वी ‘कितव्या मजल्यावर फ्लॅट घेतला?’ असं विचारायचे, आता ‘कितवा दिवस चालू आहे?’ असं विचारतात. ध्यानाच्या अ‍ॅपवर सलग किती दिवस डोळे मिटले त्याचा आकडा असतो, तो तुटता कामा नये. नोएडातल्या एका काकांनी छतरपूरच्या फार्महाऊसवर सख्ख्या पुतणीच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांच्या वेळी गाडीत जाऊन दहा मिनिटं समाधी लावली. अक्षता टाकायला काकू एकट्याच. बाहेर आल्यावर काका म्हणाले, ‘आकडा वाचला!’ काकूंच्या चेहऱ्याकडे बघून आम्हाला वाटलं, आकडा वाचला, काका वाचतात का बघू.

घरातली पोरंही सोडत नाहीत. दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै २०१८ मध्ये आनंदाचा तास आला, नर्सरी ते आठवी, उद्घाटनाला साक्षात दलाई लामा. फेब्रुवारी २०२० मध्ये मेलानिया ट्रम्प मोतीबागच्या शाळेत येऊन तो तास बघून गेल्या. परिणाम काय? बाप रात्री नऊला लॅपटॉपवर खेकसत बसलेला, आणि सातवीतली कन्या कमरेवर हात ठेवून सांगते, ‘बाबा, आत्ता तुमच्या मनात काय चाललंय, त्याकडे नुसतं बघा.’ बाबांनी जे मनात बघितलं ते मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं.

आणि तो नोएडाचा किस्सा विसरलात की काय? डिसेंबर २०२४. घरपोच पार्लरसेवा देणारी ‘येस मॅडम’ नावाची कंपनी. कर्मचाऱ्यांना विचारलं, कामाचा ताण आहे का? लोकांनी भाबडेपणानं ‘आहे’ म्हणून टिचक्या मारल्या. मग एक मेल बाहेर फुटला: ज्यांना जास्त ताण आहे, त्यांना आम्ही निरोप देत आहोत. म्हणजे रोगी गेला की रोग गेला! देशभर बोंबाबोंब. लोकांनी कंपनीचे वाभाडे काढून झाल्यावर खुलासा आला, की कुणालाच काढलेलं नाही, ताणाच्या प्रश्नाकडे लक्ष वेधायचं होतं, आणि आता आम्ही ताण घालवायला खास रजा देणार. लक्ष वेधलं खरंच. त्या आठवड्यात एनसीआरमधल्या कुठल्याही ऑफिसात मानव संसाधनवाल्यांनी ‘कसे आहात?’ म्हटलं तरी माणसं ‘मजेत! एकदम मजेत!’ असं ओरडत होती.

महिना उलटतो न उलटतो तोच वरून दुसरी फोडणी. नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये आठवड्याला सत्तर तासांचा मंत्र दिलाच होता. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे सुब्रह्मण्यन नव्वदवर गेले आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असं विचारते झाले. यावर घराघरांतून बायकांनी काय उत्तरं दिली ती छापता येत नाहीत. आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला संसदेत आर्थिक पाहणी अहवाल आला. त्यात एका अभ्यासाचा हवाला देऊन चक्क लिहिलं होतं, की दिवसाला बारा किंवा अधिक तास टेबलाशी बसणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य, दोन तासांपेक्षा जास्त न बसणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे शंभर गुणांनी खाली असतं. मोजपट्टी उणे शंभर ते दोनशे अशी, म्हणजे शंभर गुण ही काही चिल्लर नव्हे. वाचून आपण किती सुखावलो! पानाचा फोटो काढून किती जणांना पाठवला! तो अहवाल अर्थसंकल्पाच्या तोंडावर लिहून काढणारे अधिकारी दिवसाला किती तास टेबलाशी बसले होते, याचा तक्ता मात्र त्यात सापडला नाही.

यावर उतारा काढला तो आपल्या बारामतीनं. ऑफिसची वेळ संपल्यावर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क असावा, असं खासगी विधेयक तिथल्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. स्वातंत्र्यानंतर अशी खासगी विधेयकं मंजूर झाली ती फक्त चौदा, शेवटचं १९७० मध्ये. पण आशा कुणाला सुटते? बातमी आली शुक्रवारी, आणि आपल्यापर्यंत पोचली ती ऑफिसच्याच ग्रुपवर, रात्री पावणेअकराला, साहेबांच्या फोनवरून, खाली ‘थॉट्स?’ एवढाच प्रश्न. साडेअकराच्या आत बावीस जणांनी उत्तरं दिली. चार मुद्देसूद होती, एकात रंगीत तक्ता होता, आणि सोहन्याला जाऊन आलेल्यानं पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला.